मोटर यॉटवरचे पंप आणि इंजिन रूमची हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई बंदरात गेटवेसमोर नांगरलेल्या आणि मांडव्यापासून पणजीपर्यंत ये-जा करणाऱ्या मोटर यॉटवर मी विजेची कामं करतो. फोन बहुतेक शनिवारी सकाळी येतात. मालक पाहुण्यांना घेऊन जेटीवर उभे असतात आणि खलाशी बोटीवरून सांगत असतो की पंप चालत नाही. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. ती दोन डिझेल इंजिनांच्या, साधारण ३५ ते ७० फुटी बोटींसाठी आहेत. आकडे १२ व्होल्टच्या हिशोबाने दिलेत. बोट २४ व्होल्टची असेल तर व्होल्ट दुप्पट आणि अँपिअर निम्मे धरा. २३० व्होल्टच्या कुठल्याही पंपाला हात लावण्याआधी जनरेटर, इन्व्हर्टर आणि किनाऱ्यावरून आलेली वायर, तिन्ही बंद करा.

१. बोटीवर तपासणीसाठी काय काय ठेवावं?

मल्टिमीटर, डीसी (बॅटरीच्या विजेचा) करंट मोजणारा, वायरीभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर, चांगला क्रिंपिंग पक्कड आणि कारच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून. या बल्बाची किंमत पुढच्या प्रश्नात कळेल. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो ना, हे दुकानातच बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी, म्हणजे घरच्या विजेचा करंट, मोजतात आणि बोटीवर येऊन शून्य दाखवत बसतात.

२. बटण दाबलं तरी पंप गप्प. सुरुवात कुठून करू?

पंप खोलू नका. आधी मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी, चार्जर बंद करून थोडा वेळ स्वस्थ ठेवली की १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. बॅटरी ठीक असेल तर फ्यूज, मग स्विचमधून बाहेर पडणारी वायर आणि शेवटी पंपाचं टोक, या क्रमाने जा.

इथे नव्वद टक्के लोक फसतात. ते पंपाची वायर सोडवतात, मीटर लावतात, १२.५ दिसतात आणि म्हणतात, "करंट तर येतोय, पंपच गेला." वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर १२.५ दाखवणारच, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही. पंप ओढायला लागला की तो धागा हात टेकतो. म्हणून पंप जोडलेला ठेवूनच मोजा. पंप काढलाच असेल तर त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. झगझगीत पेटला तर वायर चांगली, निखाऱ्यासारखा लाल झाला तर दोष वाटेत आहे.

दोष नेमका कुठे, तेही मीटरच सांगतो. पंप चालू ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या प्लसला लावा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत हरवले. मग मायनसला तेच करा. दोन्ही मिळून तीन-चार दशांशापर्यंत ठीक. आठ अँपिअर ओढणाऱ्या पंपाच्या वाटेत ०.२ ओहमचा अडथळा आला तरी १.६ व्होल्ट गळतात.

एका बोटीवर खलाश्याने एका हंगामात तिसरा पंप आणला होता. मी गेलो तेव्हा नवा पंपही रडत चालत होता. मायनसच्या बाजूला तीन व्होल्ट हरवलेले. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाला, काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड होता. टेप सोडली तर आत हिरवी पावडर. वायर वीतभर मागे कापली तरी आतून काळी, हातभर मागे गेल्यावर लाल तांबं दिसलं. काढून टाकलेले दोन्ही पंप टेबलावर लावले तर भिंगरीसारखे फिरले. आजार रेड्याला, औषध पखालीला! बिल्जमध्ये साधी घरगुती वायर आणि टेप चालत नाही. कल्हई केलेल्या तांब्याची वायर आणि गरम केल्यावर आतून गोंद सुटणारे क्रिंप जोडच वापरा, तेही पाण्याच्या पातळीच्या वर.

पंपाच्या टोकाशी, पंप जोडलेला असताना पूर्ण व्होल्ट मिळतात आणि तरी तो हलत नाही, तेव्हाच पंप दोषी. खालची जाळी काढून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बोटाने फिरवून बघा. सुतळी, केबल टायचं कापलेलं टोक, बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक यांपैकी काहीतरी हमखास निघतं.

३. पंपाचा आवाज येतो, पण पाणी बाहेर पडत नाही.

बिल्जमधले बुडते पंप पाणी ढकलतात, खेचत नाहीत. इंपेलरभोवती हवा अडकली की ते नुसते गुरगुरतात. पाइप पंपातून निघून वर जाऊन पुन्हा खाली झुकला असेल तर त्या खळग्यात पाणी राहतं आणि हवा कोंडते. पाइप सतत चढता ठेवा.

वायरी उलट्या लागल्या तरी असंच होतं. मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखा, थोडं पाणीही येतं, पण जोर नसतो. पंप नुकताच कोणी बदलला असेल तर हे आधी बघा. बऱ्याच पंपांवर प्लस तपकिरी आणि मायनस काळी असते. 

४. पंपावर २००० लिहिलंय. मग एवढंसंच पाणी का येतं?

ते ताशी अमेरिकी गॅलन आहेत, म्हणजे मिनिटाला सुमारे १२६ लिटर. हा आकडा पाइप न लावता, पाणी वर न चढवता काढलेला असतो. बोटीवर पाणी मीटर-दीड मीटर चढतं, कोपरे घेतं आणि आतून वळ्या असलेल्या पाइपातून जातं. निम्मं मिळालं तरी समाधान माना. आतून गुळगुळीत पाइप लावला तर फरक लगेच दिसतो.

खरा आकडा काढायला २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६० लिटर. आता हे शेजारी ठेवून बघा : पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर इंचभर व्यासाचा पाइप तुटला, तर मिनिटाला साधारण तेवढंच पाणी आत येतं. म्हणजे "दोन हजार"चा पंप एका फुटलेल्या पाइपाशी जेमतेम बरोबरी करतो. दुसरा पंप थोडा वरच्या उंचीवर, वेगळ्या वायरीवर लावा, आणि पाणी चढलं की बोंब मारणारा अलार्मही.

५. बिल्ज पंप दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू होतो. बोट बुडतेय का?

बहुधा नाही, पण आधी पाणी ओळखा. बोटांवर चोळून चिकट लागलं आणि वाळल्यावर पांढरे डाग पडले तर खारं. तेव्हा शाफ्टचं स्टफिंग बॉक्स (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग), समुद्राच्या पाण्याचे पाइप आणि व्हॉल्व्ह बघा. गोडं असेल तर पाण्याची टाकी, गीझर किंवा एसीच्या कॉइलचं पाणी. आपल्या दमट हवेत एसीचं पाणीच दिवसाला बादली-दोन बादल्या होतं.

पाणी वाढत नसूनही पंप चालत असेल तर तो तेच पाणी वरखाली करतोय. पंप थांबला की पाइपातलं पाणी परत येतं. दीड इंची पाइपाच्या तीन मीटरात साडेतीन लिटर मावतात. निमुळत्या बिल्जमध्ये तेवढ्याने फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप चालू करणारा स्विच) पुन्हा उचलला जातो. यावर दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विकतो. घेऊ नका. त्याच्या पडद्यात कचरा अडकतो, वर उभं राहिलेलं पाणी पडदा दाबून धरतं आणि पंपात हवा असेल तर त्याला तो उघडवत नाही. नेमकं गरजेच्या वेळी प्रश्न ३ समोर उभा राहतो. त्यापेक्षा फ्लोट थोडा वर घ्या किंवा उरलेलं पाणी काढायला छोटा, बारीक पाइपाचा पंप खाली लावा.

पाणी बाहेरून सायफनने येत असेल तर ते मात्र खरं संकट. पाणी बाहेर पडायचं भोक बोट कलल्यावर पाण्याखाली जात असेल, तर पाइपाला पाण्याच्या पातळीच्या बराच वर वळसा द्या आणि वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह लावा.

६. मालक जाताना मेन स्विच बंद करायला सांगतात. मग बिल्ज पंपाचं काय?

फ्लोटवरून आपोआप चालणाऱ्या पंपाची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून आली पाहिजे. तपासणं सोपं आहे : मेन बंद करा आणि फ्लोट हाताने उचला. पंप चालला नाही तर आजच दुरुस्त करा. फ्लोट महिन्यातून दोनदा तरी उचलून बघा. तेल आणि केसांच्या चिखलात तो खालीच चिकटून बसतो.

हिशोबही ध्यानात ठेवा. १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर ८ अँपिअरचा पंप सहा तास चालेल. गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बोट बांधून ठेवायच्या जागी, किनाऱ्याची वीज नाही. छोटं सोलर पॅनेल तिथे शोभेची वस्तू नव्हे.

७. फ्यूज सारखा उडतो. थोडा मोठा घातला तर?

नाही. इंपेलर अडकल्यावर मोटर जळण्याआधी उडावा, एवढाच तो फ्यूज असतो. पंपावर जो आकडा छापलाय तोच घाला. क्लॅम्प मीटरने करंट बघा. नेहमीपेक्षा जास्त असेल तर काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग गेलंय. करंट नेहमीचा आणि तरी फ्यूज उडतो, तर फ्यूजच्या होल्डरचे पाय गंजून तापत असतील. होल्डरला हात लावा, कळेल.

८. सगळे नळ बंद, तरी गोड्या पाण्याचा पंप रात्री मध्येच टक करून चालू होतो.

दाब कुठेतरी सुटतोय. टॉयलेटचा फ्लश व्हॉल्व्ह, डेकवरचा शॉवर आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ही तीन ठिकाणं आधी बघा. पंपाच्या पुढचा कॉक बंद करूनही पंप चालू होत असेल तर गळती पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमध्येच आहे.

नळ उघडल्यावर पंप चालू-बंद-चालू-बंद करत असेल तर दाबाच्या छोट्या टाकीतली हवा गेली आहे. पंप बंद करून नळातून दाब सोडा आणि सायकलच्या पंपाने हवा भरा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्यापेक्षा किंचित कमी ठेवा. आणि पंप थांबतच नसेल तर आधी टाकीत पाणी आहे का ते बघा. हसू नका, मी यासाठी बोटीपर्यंत जाऊन आलोय.

९. एसी अर्ध्या तासाने बंद पडतो आणि 'हाय प्रेशर' दाखवतो. गॅस भरायचा का?

गॅसवाल्याला बोलावण्याआधी बोटीच्या बाजूने बाहेर पडणारं पाणी बघा. धार बारीक असेल तर रोग पाण्याचा आहे. आपल्या बंदरात गाळ आणि प्लास्टिक इतकं, की उधाणाच्या ओहोटीनंतर गाळणी उघडलीच पाहिजे. आधी सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, मगच झाकण काढा. गाळणी स्वच्छ असेल तर बाहेरच्या जाळीवर पिशवी चिकटलेली असू शकते. काही आठवडे उभ्या असलेल्या बोटीच्या पाइपात बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव) वाढतात, ते दिसत नाहीत, पण पाइपाचं तोंड निम्मं करतात.

वेगात बोट हाकल्यावर किंवा खूप हेलकावे खाल्ल्यावर पाणी थांबलं असेल तर पंपात हवा शिरली आहे (प्रश्न ३). पंपाच्या पुढचा पाइप सैल करा, फुस्स करून हवा गेली की पाणी येतं. पाणी भरपूर असूनही एसी थांबतो, तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. पाच-सहा अंशांचा फरक चालेल. दहाच्या पुढे असेल तर पाणी अजूनही कमीच पडतंय. फरक थोडा आणि तरी ट्रिप होतो, तर कॉइल आतून माखलेली आहे.

२३० व्होल्टचा पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर कपॅसिटर गेलाय. आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन त्याला कंडेन्सर म्हणतात. वीज बंद केल्यावरही तो झटका देतो, आधी डिस्चार्ज करा.

१०. इंजिन रूम किती गरम झाली की काळजी करायची?

पूर्ण वेगात, बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते १७ अंश जास्त हे साधारण मान्य आहे. मे महिन्यात बाहेर ३४ असेल तर आत ५० पर्यंत ठीक. ६० च्या पुढे गेलं तर थांबून कारण शोधा. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते, म्हणजे इंजिनाला तेवढा कमी ऑक्सिजन.

वायरींनाही हा ताप लागतो. १०५ अंशांचं इन्सुलेशन असलेल्या वायरीचीसुद्धा इंजिन रूममध्ये क्षमता १५ टक्के कमी धरतात. पंपांच्या अनेक तक्रारींचं मूळ मला इंजिन रूमच्या छताला बांधलेल्या, कडक होऊन तडकलेल्या वायरींत सापडलंय. पंप बिल्जमध्ये असतो, पण त्याची वायर वरून जाते.

११. हवा पुरते की नाही, हे घरच्या घरी कसं कळेल?

एक लिटर डिझेल जाळायला साधारण १७-१८ घनमीटर हवा लागते. दोन इंजिनं मिळून ताशी १३० लिटर पीत असतील तर ताशी सव्वादोन हजार घनमीटरच्या वर हवा नुसती इंजिनांतच जाते, थंड करायची वेगळी.

तीन मीटर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरा. एक टोक हॅचच्या (इंजिन रूमच्या झाकणाच्या) रबरातून इंजिन रूममध्ये, दुसरं केबिनमध्ये. हॅच बंद, दोन्ही इंजिनं पूर्ण वेगात. दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटरचा फरक पडतो ते बघा. २०-२५ च्या आत असेल तर मी खूश असतो. ५० म्हणजे जवळपास अर्धा किलोपास्कल. अनेक इंजिनांच्या पुस्तकात याच्या आसपास किंवा खालीच मर्यादा असते. तुमच्या इंजिनाचं पुस्तक उघडून तोच आकडा अंतिम माना.

नळी नसेल तर हॅच. चालू बोटीत तो उचलायला जड जात असेल, आणि उचलल्यावर आरपीएम वाढून काळा धूर कमी होत असेल, तर इंजिन गुदमरतंय. एका बोटीवर असाच धूर होता, इंजेक्टर काढून तपासून झाले होते. हवा बाजूच्या लॉकरमधून आत येत होती आणि त्या लॉकरमध्ये खलाश्यांनी चार फेंडर, दोरखंड आणि एक सतरंजी कोंबली होती. सतरंजी जाळीला चिकटून आत ओढली गेली होती.

१२. पंखा फिरतो, पण हवा लागत नाही.

जाळीवर टिश्यू पेपर धरा. पंखा हवा आत घेणारा असेल तर कागद चिकटला पाहिजे, बाहेर फेकणारा असेल तर उडाला पाहिजे. उलटं होत असेल तर वायरी उलट्या. गोगलगायीच्या आकाराच्या ब्लोअरमध्ये मात्र गोम आहे : वायरी उलट्या असल्या तरी हवा त्याच दिशेला जाते, फक्त खूप कमी. तिथे कागद फसवतो, पात्यांची दिशा बाणाशी ताडून बघा. मग डक्ट. पाइपाची क्लिप सुटून तो इंजिनामागे लोंबकळत असतो आणि पंखा गरम हवाच गोल गोल फिरवतो. व्होल्टही मोजा, पद्धत प्रश्न २ मधलीच.

१३. पंखे कधी लावायचे, कधी बंद करायचे?

डिझेल बोटीत इंजिन चालू असताना हवा आत ढकलणारे पंखे हवेत. फक्त बाहेर फेकणारे लावले तर ते इंजिनाच्याच तोंडचा घास काढतात. इंजिन बंद केल्यावर उलट : बाहेर फेकणारा पंखा १५-२० मिनिटं चालू राहू द्या, कारण पाणी फिरणं थांबल्यावर लोखंडातली उष्णता खोलीत येते.

पेट्रोल इंजिनाची स्पीडबोट असेल तर नियम वेगळा. सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं, आणि नाकाने वास घेऊनच चावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ब्लोअरच्या डक्टचं तोंड खाली, बिल्जच्या पाण्याच्या जरा वर हवं. तिथे ठिणगी बाहेर न पडणारेच पंप आणि पंखे लावायचे, कारचे नाहीत.

आग लागली तर इंजिन, जनरेटर आणि पंखे बंद, हवेची झाकणं बंद, मग अग्निशामक सोडा. हॅच उघडून बघायचा मोह टाळा.

१४. इंजिनं सुरूच होत नाहीत आणि पंखेही मेलेत. बॅटरी तर भरलेली आहे!

इंजिन रूममधल्या अग्निशामकाचा दाबमापक बघा. बऱ्याच बोटींत सिलिंडरचा दाब उतरला की एक रिले इंजिन आणि पंखे दोन्ही बंद करतो. डॅशवर ओव्हरराइडचं बटण असतं. परत येण्यापुरतं ते वापरा आणि सिलिंडर भरून घ्या.

१५. पंखा लावला की बिल्ज पंप मंदावतो. दोन्ही वेगळ्या फ्यूजवर आहेत.

प्लस वेगळे आहेत, मायनस एकच आहे. दोन्हींच्या काळ्या वायरी एका पट्टीवर येतात आणि तिथून बॅटरीकडे जाणारी एक वायर बारीक किंवा गंजलेली असते. पंखा २० अँपिअर त्याच वाटेने परत पाठवतो आणि पंपाचे व्होल्ट खातो. दोन्ही चालू ठेवून पट्टी ते बॅटरीचा मायनस मोजा. अर्धा व्होल्ट दिसला तरी वायर बदला. हा दोष पंप एकटा तपासताना कधीच सापडत नाही.

१६. अमेरिकेतून आणलेली जुनी बोट आहे. किनाऱ्याच्या विजेवर पंप आणि ब्लोअर तापतात.

त्या मोटरी ६० हर्ट्झच्या, आपली वीज ५०. व्होल्ट तेवढेच ठेवले तर मोटरीच्या लोखंडात चुंबकत्व २० टक्के वाढतं, ती तापते. शिवाय वेग सहाव्या हिश्शाने कमी होतो आणि पंपाचा दाब सत्तर टक्क्यांच्या आत येतो. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. बोटीच्या स्वतःच्या जनरेटरवर सगळं नीट चालत असेल तर निदान पक्कं. उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टर, नाहीतर ५० हर्ट्झच्या मोटरी. पंप मोजके असतील तर मी मोटरी बदलायला सांगतो.

१७. पावसाळ्यात बोट वर काढल्यावर पंपांचं काय करायचं?

समुद्राच्या पाण्याचे सगळे पंप गोड्या पाण्याने धुऊन रिकामे करा. रबरी इंपेलरचे कोरडे फिरवू नका. इंजिन रूमच्या जाळ्या प्लास्टिकने घट्ट बांधू नका, आत बुरशी आणि गंज दोन्ही धरतात. पाऊस आडवा येणाऱ्या बाजूला कापड लावा, दुसरी उघडी ठेवा.

बॅटऱ्या काढल्या की बिल्ज पंप नाही, आणि आपल्या जुलैत उभ्या बोटीत ताडपत्रीच्या फटीतून शेकडो लिटर पाणी साचतं. म्हणून तळाचं बूच काढून ठेवा. ते खिशात किंवा ड्रॉवरमध्ये नको. लाल चिंधी लावून स्टिअरिंगला बांधा, म्हणजे सप्टेंबरमध्ये बोट पाण्यात उतरवताना कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.